पाऱ्याच्या झडपेपासून सिलिकॉनच्या चकतीपर्यंत

चंद्रपूर येथील महाऔष्णिक विद्युत् केंद्राची वीज राज्याच्या पश्चिम भागाकडे वाहून नेण्यासाठी ज्या वाहिन्या आहेत, त्यांपैकी एक इतरांहून अगदी वेगळी आहे. ही वाहिनी चंद्रपूरहून निघून ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील पडघे येथे संपते. लांबी सुमारे ७५० किलोमीटर, क्षमता १,५०० मेगावॉट. ज्या गावांच्या शिवारातून ती जाते तेथील मनोऱ्यांकडे निरखून पाहिल्यास फरक सहज ध्यानात येतो. नेहमीच्या मनोऱ्यावर विजेच्या तारांचे तीन संच असतात. येथे ते दोनच आहेत. एका संचाचा दाब जमिनीच्या तुलनेत अधिक ५०० किलोव्होल्ट, तर दुसऱ्याचा उणे ५०० किलोव्होल्ट. या तारांमधून वाहणारी वीज एकदिश, म्हणजे सतत एकाच दिशेने जाणारी आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने ही वाहिनी १९९९ साली कार्यान्वित केली.

चंद्रपूरची जनित्रे निर्माण करतात ती वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने करीत दिशा बदलणारी असते. घरात, कारखान्यात आणि विहिरीवरील पंपाला जी वीज मिळते तीही प्रत्यावर्तीच. मग केवळ मधल्या प्रवासापुरते तिचे रूप पालटण्याचा खटाटोप कशासाठी? आणि पंधराशे मेगावॉट एवढ्या प्रचंड शक्तीचे रूप पालटणारी यंत्रणा असते तरी कशी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसऱ्याचे उत्तर सापडण्यास मात्र अभियंत्यांना अर्ध्या शतकाहून अधिक काळ खर्ची घालावा लागला.

प्रत्यावर्ती विजेचा मोठा गुण असा की, रोहित्राच्या साहाय्याने तिचा दाब हवा तसा वाढविता वा कमी करता येतो. या एका गुणामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिने एकदिश विजेवर मात केली. परंतु अंतर फार वाढले की तिचे दोष पुढे येतात. जमिनीखालील अथवा समुद्रातील केबल ही एखाद्या लांबलचक धारित्रासारखी वागते. प्रत्येक आवर्तनात ती भरावी लागते आणि रिकामी होते. कोरड्या पाटात पाणी सोडले असता पहिले पाणी पाटच पिऊन टाकतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे पाट सेकंदाला अनेकदा कोरडा पडतो. शंभर किलोमीटरच्या समुद्री केबलमध्ये तर केबलची जवळजवळ सगळी क्षमता तिला भरण्यातच संपते. उघड्या तारांच्या लांब वाहिनीत दोन टोकांची जनित्रे परस्परांशी एकताल राखणे अवघड होते. शिवाय प्रत्यावर्ती जाळ्यात वीज आपल्या मार्गाने वाहते. अमुक वाहिनीतून अमुक इतकीच वीज जावी असा हुकूम तिला सहजासहजी देता येत नाही. एकदिश वाहिनीला असा हुकूम देता येतो. तिला तारांचे दोनच संच पुरतात आणि दोन टोकांना एकताल राहण्याची गरज उरत नाही.

हे सर्व अभियंत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण होती ती रूपांतराची.

फिरत्या यंत्रांचा काळ

एकदिश विजेची गरज तशी कधीच संपली नव्हती. ट्राम, विद्युत् रेल्वे, धातूंचे विद्युत् विच्छेदन, विद्युत् घटमाला भरणे या कामांना तीच लागे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विद्युत् गाडी धावली, ती १,५०० व्होल्ट एकदिश विजेवर. त्या काळी प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर जगभर मुख्यतः फिरत्या यंत्रांनी केले जाई. ही यंत्रे दणकट होती, पण अवजडही होती. त्यांना भक्कम पाया लागे, त्यांच्या कार्बनच्या ब्रशांची आणि तांब्याच्या पट्ट्यांची सतत निगा राखावी लागे, आणि रात्रंदिवस माणूस उभा ठेवावा लागे. दाब काही हजार व्होल्टच्या पलीकडे गेला की त्या पट्ट्यांवर ठिणग्यांचे कडे उठे. शेकडो किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी अशी यंत्रे वापरणे व्यवहार्य नव्हते.

हवी होती ती फिरता भाग नसलेली झडप. विहिरीत सोडलेल्या पंपाच्या नळाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर येऊ देतो, पण परत खाली जाऊ देत नाही. विजेसाठी तशी झडप मिळाली तर दिशा बदलणाऱ्या प्रवाहातील एका दिशेचा भाग तेवढा पुढे सोडता येईल, आणि अशा सहा झडपा योग्य रीतीने जोडल्या तर तिन्ही तारांतील वीज पाळीपाळीने एकाच दिशेने वाहती करता येईल.

पाऱ्याच्या दिव्यातून निघालेली झडप

ही झडप सापडली ती दिवा शोधताना. अमेरिकेतील पीटर कूपर ह्यूइट हे पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यावर काम करीत होते. निर्वात काचपात्राच्या तळाशी पारा आणि वर दुसरे अग्र अशी रचना असता, पाऱ्याच्या पृष्ठावर एक झगझगीत ठिपका निर्माण होतो व त्यातून इलेक्ट्रॉन मुबलक बाहेर पडतात. दुसरे अग्र लोखंडाचे वा ग्रॅफाइटचे असले तर त्यातून ते पडत नाहीत. अर्थात प्रवाह एकाच दिशेने जातो. १९०२ साली ह्यूइट यांनी या तत्त्वावरील एकदिशकारक पुढे आणला. या झडपेत वाया जाणारा दाब साधारण वीस व्होल्टच्या आसपास राही, मग प्रवाह कितीही असो. म्हणजे १,५०० व्होल्टच्या कामात तोटा एक टक्क्याहून थोडा अधिक, आणि दाब जितका मोठा तितका तोट्याचा वाटा लहान. मोठ्या वाहिनीसाठी याहून अनुकूल गुणधर्म कोणता असू शकतो?

निळसर-जांभळ्या प्रकाशाने उजळणारी ही काचपात्रे पुढे अनेक दशके उपकेंद्रांतून, चित्रपटगृहांतून आणि घटमाला भरण्याच्या ठिकाणी वापरात राहिली. परंतु काचेला मर्यादा होत्या. प्रवाह वाढला की उष्णता वाढे आणि काच तडके. म्हणून पोलादी टाक्या आल्या. पोलाद तडकत नाही. पण त्यातून आत जाणारे प्रत्येक विद्युत् अग्र टाकीपासून विद्युत् दृष्ट्या अलग राहिले पाहिजे आणि तो सांधा हवाबंदही असला पाहिजे, या दोन अटी एकदम पुऱ्या करणे जड गेले. आतील निर्वात टिकविण्यासाठी पंप कायम चालू ठेवावे लागत.

याच सुमारास झडपेला लगाम सापडला. अमेरिकेतील आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१४ च्या सुमारास असे दाखविले की, दोन अग्रांच्या मध्ये एक जाळी बसवून तिला ऋण दाब दिला तर प्रवाह सुरू होणे रोखून धरता येते. एकदा प्रवाह सुरू झाला की जाळी तो थांबवू शकत नाही; तो आपोआप शून्यावर येईपर्यंत वाट पाहावी लागते. प्रत्यावर्ती विजेत प्रत्येक आवर्तनात ही संधी मिळतेच. प्रवाह केव्हा सुरू करावयाचा ही वेळ थोडी पुढे-मागे केली की बाहेर पडणारा एकदिश दाब कमी-जास्त होतो. ही वेळ आणखी लांबविली तर क्रिया उलट होते, आणि एकदिश विजेपासून प्रत्यावर्ती वीज मिळू लागते. या उलट क्रियेला ‘इन्व्हर्टर’ हे नाव डेव्हिड प्रिन्स यांच्या १९२५ सालच्या लेखानंतर रूढ झाले. आज तो शब्द खेड्यापाड्यांत बोलला जातो.

उलटा भडका

तत्त्व हाती होते, मंडल हाती होते, लगामही हाती होता. तरीही उच्च दाबाची वाहिनी पंचवीस-तीस वर्षे दूरच राहिली. तिचे कारण एका दोषात होते. झडप बंद असण्याच्या काळात तिच्या वरच्या अग्रावर मोठा ऋण दाब असतो. अशा वेळी त्या अग्रावर पाऱ्याचा एखादा सूक्ष्म थेंब बसलेला असला, किंवा पृष्ठभागावर अशुद्धीचा एखादा कण असला, तर तेथेच झगझगीत ठिपका उमटतो आणि प्रवाह उलट्या दिशेने सुटतो. फूटव्हॉल्व्ह निकामी होऊन सगळे पाणी विहिरीत परतावे तसे हे होते. परंतु विजेच्या बाबतीत याचा अर्थ रोहित्राचे थेट लघुमंडल असा होतो. या प्रकारास आपण उलटा भडका म्हणू.

या दोषाचा खरा त्रास असा होता की, तो मागून मिळत नसे. आज झडप व्यवस्थित चाले, उद्याही चाले, आणि कोणत्याही पूर्वसूचनेविना एखाद्या दिवशी भडका उडे. प्रयोगशाळेत पुन्हा घडवून त्याची कारणे तपासणे जवळजवळ अशक्य. तपमानाचे गणितही तसेच चमत्कारिक होते. पाऱ्याचा तळ थंड ठेवावा लागे, कारण वाफ दाट झाली की भडक्याची शक्यता वाढते. आणि त्याच पात्राचे वरचे अग्र उबदार ठेवावे लागे, कारण ते थंड झाले तर वाफ त्यावरच थिजून थेंब जमतात. काही शे व्होल्टवर हे सांभाळता येत होते. पन्नास हजार व्होल्टवर ते सांभाळणे हे सर्वस्वी वेगळे काम होते.

ते काम स्वीडनमधील आसेआ कंपनीचे तरुण अभियंता उनो लाम यांनी अंगावर घेतले. त्यांची मूळ कल्पना १९२९ सालची. वरच्या अग्राच्या आणि पाऱ्याच्या मध्ये एकच मोठा दाब पडू न देता अनेक मधली अग्रे बसवावयाची आणि दाब त्यांच्यात वाटून द्यावयाचा. तीव्र उतारावरून कालवा नेताना पाणी एकदम खाली न सोडता टप्प्याटप्प्याने उतरवितात, त्यासारखीच ही योजना होय. कल्पना सोपी, तिला आकार देण्यास मात्र दोन तपे लागली. चिनी मातीचे लांब स्तंभ, ग्रॅफाइटमधील वायूचा शेवटचा अंश काढून टाकण्याच्या रीती, अग्रांची अंतरे, या सर्व गोष्टी करून पाहिल्याखेरीज कळण्यासारख्या नव्हत्या. आणि करून पाहावयाचे म्हणजे लहान नमुन्यावर नव्हे. पूर्ण दाब आणि पूर्ण प्रवाह एकदम मिळाल्याखेरीज झडपेची खरी परीक्षा होत नसे. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात ट्रोलहेटान ते मेलेरूड अशी सुमारे ५० किलोमीटरची चाचणी वाहिनी उभारण्यात आली. एवढा काळ फळ न देणाऱ्या संशोधनामागे कंपनीने आणि स्वीडनच्या सरकारी वीज मंडळाने उभे राहावे, ही गोष्ट तांत्रिक यशाइतकीच लक्षणीय मानली पाहिजे. जर्मनीतही युद्धकाळात एल्बे ते बर्लिन अशी वाहिनी उभी राहत होती, परंतु ती नियमित वापरात येण्यापूर्वीच युद्ध संपले आणि तिची सामग्री रशियात नेण्यात आली.

गॉटलंडचे बेट

बाल्टिक समुद्रातील गॉटलंड बेट मुख्य भूमीपासून इतके दूर की प्रत्यावर्ती केबल टाकणे निरर्थक. १९५४ साली तेथे ९८ किलोमीटर लांबीच्या एकाच समुद्री केबलमधून १०० किलोव्होल्ट दाबाने २० मेगावॉट वीज जाऊ लागली. परतीचा मार्ग समुद्राचे पाणी हाच होता. पंधराशे मेगावॉटच्या पडघे वाहिनीपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु उच्च दाबाच्या एकदिश प्रेषणाचा व्यापारी इतिहास येथून सुरू होतो.

गॉटलंडच्या झडपांमधील उलटा भडका नाहीसा झाला होता काय? नाही. तो विरळ झाला होता, इतकेच. खरी हुशारी होती ती पुढच्या व्यवस्थेत. सहा झडपांच्या प्रत्येक संचाला सातवी झडप समांतर जोडलेली असे. भडका उडताच नियंत्रण यंत्रणा सहाही झडपांच्या जाळ्या रोखून धरी आणि वाहिनीतील प्रवाह त्या सातव्या वाटेने वळवी. बिघडलेली झडप क्षणभरात शांत झाली की सर्व पूर्ववत चालू होई. ग्राहकाला दिवा लुकलुकल्याखेरीज फारसे काही जाणवत नसे. दोष समूळ उपटता येत नाही हे मान्य करून त्याच्यासह चालणारी यंत्रणा बांधणे, हीच या शाखेची पुढील काळातील रीत ठरली.

त्यानंतर १९६१ साली इंग्लिश खाडीपलीकडे इंग्लंड व फ्रान्स जोडले गेले, १९६५ साली न्यूझीलंडची दोन बेटे, आणि १९७० साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १,३६२ किलोमीटरची वाहिनी. या शेवटच्या वाहिनीचे सिल्मार येथील केंद्र वर्षभरातच, फेब्रुवारी १९७१ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले. उंच, ठिसूळ स्तंभांच्या पाराझडपा भूकंपापुढे किती दुबळ्या, हे त्या वेळी दिसले. पारा विषारी असल्यामुळे त्या उघडून स्वच्छ करणाऱ्या कामगारांच्या आरोग्याचा प्रश्नही होताच.

सिलिकॉनची चकती

तोपर्यंत पाऱ्याचा वारस जन्माला आलेला होता. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९५६ साली सिलिकॉनच्या चार थरांच्या घटकावरील काम प्रसिद्ध झाले आणि १९५७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने त्यापासून मोठ्या प्रवाहाची झडप तयार केली. तिलाच पुढे थायरिस्टर हे नाव मिळाले. तिची वागणूक पाराझडपेसारखीच: इशारा मिळेपर्यंत बंद, इशाऱ्याने सुरू, आणि प्रवाह शून्यावर आला की पुन्हा बंद. त्यामुळे पाऱ्याच्या काळात सिद्ध झालेली सगळी मंडले तिला जशीच्या तशी लागू पडली. निर्वात नको, पंप नको, तळ थंड व माथा गरम ठेवण्याची कसरत नको. आणि उलटा भडका तर मुळीच नाही.

पण नव्या झडपेने नव्या अडचणी आणल्या. एक चकती काही हजार व्होल्टच सोसू शकते, म्हणून मोठ्या झडपेत अनेक डझन चकत्या एकापुढे एक जोडाव्या लागतात. त्या सर्वांनी दाब सारखा वाटून घेतला पाहिजे. एखादी चकती सुरू होण्यास एका सेकंदाच्या काही लक्षांश भागाएवढा जरी उशीर झाला, तरी इतर सर्व चकत्यांचा दाब तिच्या एकटीवर येऊन पडतो. यासाठी प्रत्येक चकतीशेजारी रोधक व धारित्र बसवितात, आणि सुरू होण्याचा इशारा काचतंतूतून प्रकाशाच्या रूपाने सर्वांना एकदम पाठवितात. दुसरी अडचण अशी की, इशारा मिळताच चकती सगळीच्या सगळी सुरू होत नाही. इशाऱ्याच्या जागेजवळचा छोटा भाग आधी सुरू होतो व मग तो पसरतो. तेवढ्यात प्रवाह जोराने वाढला तर तो छोटा भाग जळून चकतीला भोक पडते. म्हणून प्रवाहाची पहिली उसळी थोपविणारी वेटोळी मार्गात ठेवावी लागतात. याउलट, बंद चकतीवर दाब फार वेगाने चढला तर ती इशाऱ्याविनाच सुरू होते.

शेवटी उष्णता. पडघे वाहिनीच्या एका तारेतून पूर्ण भाराच्या वेळी १,५०० अँपिअर प्रवाह जातो, आणि प्रत्येक चकतीत दीड-दोन व्होल्ट वाया जातात. आकडा क्षुल्लक दिसतो. परंतु बशीएवढ्या चकतीतून शेकडो वॉट उष्णता अखंड बाहेर काढावी लागते. तिच्यासाठी वापरावयाचे पाणी वीज वाहून नेणार नाही इतके शुद्ध ठेवावे लागते, कारण ते पाणी शेकडो किलोव्होल्टच्या दाबाखालील भागांतून फिरत असते.

सिलिकॉनचा एक स्वभाव मात्र उपकारक ठरला. चकती निकामी झाली की ती सहसा तुटत नाही, तर कायमची वाहक बनते. त्यामुळे गरजेपेक्षा काही चकत्या जास्त ठेवल्या की एक-दोन गेल्या तरी झडप चालू राहते, आणि ठरलेल्या देखभालीच्या वेळी त्या बदलता येतात. गॉटलंडच्या सातव्या झडपेमागे जो विचार होता, तोच येथेही दिसतो. १९७० साली गॉटलंडच्याच वाहिनीला थायरिस्टरचा संच जोडून दाब १५० किलोव्होल्टवर आणि क्षमता ३० मेगावॉटवर नेण्यात आली. १९७२ साली कॅनडातील ईल रिव्हर येथे संपूर्णपणे थायरिस्टरवर चालणारे केंद्र उभे राहिले. पाराझडपांनीही आपली जागा लगेच सोडली नाही. न्यूझीलंडमधील शेवटच्या पाराझडपा २०१२ साली थांबल्या.

भारतातील वाटचाल

आपल्या देशाने या मार्गावर प्रथम रेल्वेच्या निमित्ताने पाऊल टाकले. १९५९ पासून २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती विजेवरील मार्ग सुरू झाले. इंजिनातील चलित्रे एकदिश विजेची असल्यामुळे रूपांतर धावत्या इंजिनातच करणे आले. पहिल्या इंजिनांत त्यासाठी पाऱ्याच्या झडपा होत्या. नंतर त्यांची जागा सिलिकॉनने घेतली. वीज प्रेषणात १९८९ साली विंध्याचल येथे उत्तर व पश्चिम विभागांची जाळी जोडणारे केंद्र सुरू झाले, पाठोपाठ रिहांद–दादरी वाहिनी आली. चंद्रपूर येथेही १९९७-९८ मध्ये पॉवर ग्रिड महामंडळाचे १,००० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. त्याला वाहिनीच नाही. एकाच आवारात प्रत्यावर्ती विजेची एकदिश आणि लगेच पुन्हा प्रत्यावर्ती वीज केली जाते. हा द्राविडी प्राणायाम वाटेल. पण त्या काळी पश्चिम आणि दक्षिण विभागांची जाळी एकताल चालत नव्हती, आणि त्यांच्यात वीज देवघेव करण्यास असाच दुवा लागे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण विभाग उर्वरित देशाशी एकताल जोडला गेला, तेव्हा ही सक्ती संपली.

थायरिस्टरची एक उणीव उरलीच होती: इशाऱ्याने तो सुरू होतो, बंद होत नाही. एकदिश विजेवर हवे तेव्हा बंद करता येणारी झडप लागते. मद्रासच्या आय.आय.टी.चे पदवीधर जयंत बालिगा यांनी अमेरिकेत १९८० च्या आसपास विकसित केलेल्या आय.जी.बी.टी. या घटकाने ही उणीव मोठ्या प्रमाणावर भरून काढली. त्याच्या आरंभीच्या काळातील दोष असा की, ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की तोही थायरिस्टरप्रमाणे अडकून बसे व बंदच होत नसे. जपानमधील तोशिबा कंपनीत आकिओ नाकागावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली न अडकणारी रचना सिद्ध केली. मुंबईच्या उपनगरी मार्गावर २००७ पासून आलेल्या गाड्या अशा घटकांवर चालतात. जुन्या एकदिश गाड्यांत सुरुवातीचा वेग आवरण्यासाठी वीज रोधकांत जाळावी लागे. नव्या गाड्या तसे करीत नाहीत, उलट थांबताना काही वीज तारेला परत देतात. ज्या १,५०० व्होल्ट एकदिश विजेवर १९२५ मध्ये आरंभ झाला, तिचा वापर मुंबईत २०१६ साली संपला.

हाच घटक आज सौर कृषिपंपाच्या खांबावरील पेटीत बसलेला असतो. सौर पटलांतून एकदिश वीज निघते. पंपाचे चलित्र प्रत्यावर्ती असेल तर पेटी तिचे रूपांतर करते, आणि ढग आले की आवर्तने कमी करून पंप बंद न पडता सावकाश चालू ठेवते. पटले उन्हासाठीच बनविलेली असतात. पेटीला मात्र ऊन सोसत नाही. आतील धारित्रांचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. त्यामुळे पेटी पटलांच्या सावलीत राहील अशी बसविणे, तिच्यामागील उष्णता काढणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर धूळ व कोळिष्टके साचू न देणे, हवेचा मार्ग पोत्याने वा गवताने न झाकणे आणि विजांच्या कडकडाटापूर्वी भूयोजनाची तार शाबूत आहे की नाही हे पाहणे, एवढी कामे गावपातळीवर करता येण्यासारखी आहेत.